रिकाम्या पुंगळ्या किती साठवायच्या? ‘दिसेल ती उचला’ या सल्ल्याला उत्तर

ह्यूस्टनकर

रीलोडिंगच्या, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरण्याच्या, धाग्यावर परवा एकाने नव्या मंडळींना सल्ला दिला: “पितळ फुकट आहे. रेंजवर दिसेल ती पुंगळी उचला, गराज भरेपर्यंत साठवा, मोजत बसू नका.” खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. दोन ओळींत सांगून भागणार नाही, म्हणून वेगळा धागा.

पुंगळ्या किती हव्यात हे दोन गोष्टींवर ठरतं. एक पुंगळी किती वेळा भरता येते आणि दर वेळी त्यातल्या किती हरवतात. पिस्तुलाची पुंगळी झिजून संपण्याआधी हरवते. रायफलची हरवत नाही, झिजते. म्हणून दोघींचा हिशोब एकत्र करू नका.

पिस्तुलाचं ९ एमएम काडतूस घ्या. दर वेळी चौथा हिस्सा हरवत असेल तर एक पुंगळी सरासरी चार फैरी देते, दहावा हिस्सा हरवत असेल तर दहा. वर्षाला ६००० फैरी, तीन वर्षांची सोय आणि चौथा हिस्सा तोटा धरला तर १८००० भागिले ४, म्हणजे ४५००. धुण्यात, वाळवण्यात आणि भरून डब्यात पडलेल्या हजारभर धरा. साडेपाच हजारात विषय संपला. ज्या मोठ्या स्पर्धांत पितळ उचलू देत नाहीत, तिथे झाडलेली प्रत्येक पुंगळी गेली असं समजून तेवढी वेगळी मोजा.

बोल्ट रायफलीची (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीची) .३०८ घ्या. वर्षाला ६०० फैरी आणि एका पुंगळीची आठ भरणी धरली, तर तीन वर्षांना २२५ लागतात. बाद होणाऱ्या धरून ३००. मात्र सगळ्या एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्याच्या एकाच खेपेतल्या हव्यात.

शिवाय अमेरिकेत अनेक ठिकाणी लागू असलेल्या एनएफपीए ४९५ या स्फोटकांच्या नियमावलीप्रमाणे घरात १०,००० प्राइमर (पुंगळीच्या बुडात बसणाऱ्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या) आणि मूळ डब्यात २० पौंड पावडर (बारूद) ही मर्यादा आहे. वीसच्या वर पन्नासपर्यंत गेलात तर निदान एक इंच जाडीची लाकडी पेटी लागते. ज्या घरात प्राइमर दहा हजारांच्या वर नाहीत, तिथे चाळीस हजार पुंगळ्या कशाला?

नेवाड्याचे नाना

तो सल्ला मीच दिला होता, तेव्हा उत्तरही मीच देतो.

तुमचा हिशोब दुकानं भरलेली असतानाचा आहे. डिसेंबर २०१२ नंतरची आणि २०२० पासून पुढची टंचाई आठवा. हजाराला तीस-पस्तीस डॉलर असलेले प्राइमर शंभराच्या पुढे गेले. त्या काळात नवं पितळही मिळेना, कारण टंचाई आली की कारखाने पितळ आधी स्वतःच्या भरलेल्या काडतुसांना वापरतात, सुटं विकायला नंतर काढतात. पावडरीचा डबा एकदा उघडला की हवा-उष्णतेची काळजी. पितळ कोरडं ठेवलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. बहुतेक ठिकाणी त्याला परवाना नाही, मर्यादा नाही, आगीची भीती नाही. जी वस्तू खराब होत नाही आणि फुकट मिळते, तिच्यावर कात्री कशाला लावता?

दुसरं, रायफलच्या .२२३ ची पुंगळी फक्त .२२३ ची नसते. ती कापून साइझ केली (डाय या साच्यात दाबून मापात आणली) की .३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाची, जास्तीत जास्त १.३६८ इंच लांबीची पुंगळी होते. मान फाटलेली .२२३, जी तुम्ही भंगारात टाकाल, तिचा खालचा भाग तिथे कामाला येतो. तुमच्या भागाकारात हे कुठे बसतं?

अनघा_ओहायो

नाना, ‘फुकट’ या शब्दालाच माझी हरकत आहे. रेंजवरची बादली घरी आणली की काम सुरू होतं, आणि ते काम कोणी मोजत नाही.

आधी चुंबक फिरवा, पोलादी निघतील. पितळेचा मुलामा दिलेल्याही निघतील, रंगावर जाऊ नका. अॅल्युमिनियमच्या पुंगळ्या चुंबकाला लागत नाहीत, त्या डोळ्यांनी वेचाव्या लागतात. मग चाळण्या, कारण .४० च्या पोटात ९ एमएम जाऊन बसते आणि .४५ च्या पोटात .४०. धुण्याआधी वेगळ्या केल्या नाहीत तर टम्बलरमध्ये (घुसळून स्वच्छ करायच्या यंत्रात) एकमेकींत घट्ट रुततात. ९ एमएमच्या ढिगात .३८० असतेच, लांबी १९ ऐवजी १७ मिलिमीटर, चाळणीतून निसटते. .४५ मध्ये लहान आणि मोठ्या प्राइमरच्या मिसळलेल्या असतात. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (भरणीचे सगळे टप्पे एकाच दांड्यावर करणाऱ्या यंत्रावर) मोठा प्राइमर त्याच्या लहान खळग्यावर दाबला गेला की काम थांबतं, आणि दाबताना जोर लावला तर प्राइमर उडू शकतो. परदेशी पितळात बर्डन निघते, बुडाशी दोन बारीक भोकं असलेली. तिने डीकॅपिंगची, म्हणजे वापरलेला प्राइमर ढकलून काढायची, पिन मोडते.

सगळ्यात वाईट म्हणजे आतून पायरी असलेली ९ एमएम. बुडावर एफएम, अॅमोलोड, आयएमटी, मॅक्सटेक असे शिक्के बघा. आत टॉर्च मारला तर तळाच्या वर एक कडा दिसते. त्या कड्यामुळे आतली जागा कमी होते, तीच भरणी जास्त दाब देते, आणि पायरीशी पुंगळी तुटून पुढचा तुकडा बंदुकीच्या नळीत राहू शकतो. पुढची गोळी त्याच्यावर आदळली तर हात गेला. ‘दिसेल ती उचला’ म्हणताना हे नव्यांना कोण सांगणार?

नेवाड्याचे नाना

सांगायला हवं होतं, मान्य. पण चाळायला वेळ लागतो म्हणून उचलूच नका, हे मी मानणार नाही. लेक सिटी या लष्करी काडतुसांच्या कारखान्याचं पितळ घ्या. प्राइमरभोवतीचा क्रिम्प (तो पक्का धरायला दाबलेली कड) एकदा स्वेजरने दाबला किंवा रीमरने कापून काढला की त्या पुंगळीच्या जन्मात पुन्हा काढावा लागत नाही. आणि फेडरल कंपनीच्या .२२३ पेक्षा तिचे खळगे बरेच जास्त भरण्या घट्ट राहतात.

ह्यूस्टनकर

रीमर फिरवताना हात जड झाला तर तो खळगा पहिल्याच भरणीला ढिला. स्वेज करा, रीम करू नका, एवढी दुरुस्ती.

माझा मूळ मुद्दा मात्र तसाच राहिला. दुसऱ्याने झाडलेल्या रायफलच्या पुंगळीचा इतिहास तुम्हाला ठाऊक नसतो. बाटलीच्या आकाराच्या पुंगळीत दर फैरीला पितळ बुडाकडून मानेकडे सरकतं. मान लांब होते म्हणून आपण ट्रिम करतो. .२२३ ला १.७६० इंचांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, १.७५० ला कापायची. .३०८ ला २.०१५ आणि २.००५. कापलेलं ते पितळ बुडाजवळच्या भिंतीतून आलेलं असतं. चार-पाच वेळा ट्रिम झालेली पुंगळी बाहेरून कितीही चकचकीत असो, आतून पातळ झालेली असते.

तपासायची रीत: कागदाची क्लिप सरळ करा, टोक काटकोनात वाकवून कानशीने टोकदार करा. ते आत घालून तळापासून भिंतीला घासत वर आणा. बुडापासून अर्धा-पाऊण सेंटीमीटरवर टोक खाचेत अडकलं तर ती पुंगळी तिथेच चेपून टाका. बाहेर त्याच जागी उजळ रेघ दिसते, पण तशी रेघ साइझिंग डायनेही उमटते आणि ती निरुपद्रवी असते. डोळ्यांवर जाऊ नका, तारेवर जा. आणि साइझ करताना खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलू नका. बोल्टला एक-दोन हजारांश इंच, सेमी-ऑटोला तीन-चार. डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या पकडीला) टेकवून वर आणखी पाव वळसा दिला, की आठ भरण्यांची पुंगळी तीनमध्ये संपते.

रानवारा

साठवण्यावरून विचारतो. धुऊन ठेवायच्या की तशाच? आपल्याकडे पितळेची भांडी चिंच-मिठाने घासतात, किंवा भांड्यांची पावडर लावतात. पुंगळ्यांना चालेल का?

सांगलीकर_डॅलस

चिंच चालेल, मीठ नको. मिठाचा अंश आत राहिला की हिरवट डाग धरतात. पावडरीत घासणारे कण असतात, ते आत चिकटून नंतर डाय आणि नळी खरवडतात. गॅलनभर गरम पाण्यात मोठा चमचाभर सायट्रिक अॅसिड, वर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, पाच-दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. रात्रभर ठेवल्यात तर गुलाबी होतात. जस्त निघून तांबं वर दिसू लागतं.

किंवा सरळ ब्रासो लावा, काम झटपट होतं.

अनघा_ओहायो

ब्रासो अजिबात नको! अमोनिया असलेलं कुठलंही पॉलिश पितळेच्या पुंगळीच्या जवळ नेऊ नका. ताण असलेल्या पितळेला अमोनिया आणि ओल मिळाली की ते आतून तडकतं.

सांगलीकर_डॅलस

ताई, पॉलिश लावून पुसून टाकलं तर काय होणार? नवीन माणसाला उगाच घाबरवायचं. असल्या गोष्टी शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत.

अनघा_ओहायो

शंभर वर्षांपूर्वीच्याच आहेत, आणि आपल्याच मातीतल्या आहेत, म्हणून तर सांगते. ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया आणि हवेत दमटपणा. पावसाळा सरला की पुंगळ्यांना उभ्या चिरा. त्या मोसमावरूनच या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडलं. कारण अमोनिया आहे हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखवलं. काडतुसाचं पितळ तेव्हाही सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त होतं, आजही तेच आहे. रसायन बदललेलं नाही.

पुसलं तरी प्राइमरच्या खळग्यात आणि आतल्या कोपऱ्यात राहतं. पॉलिश हा एकच रस्ताही नाही. गराजमध्ये मांजराच्या मातीचं खोकं असतं, लॉनच्या खताची पिशवी असते, नळीतलं तांबं काढायच्या कित्येक द्रावणांत अमोनिया असतो. बादली या सगळ्यांपासून लांब आणि झाकणबंद हवी.

नेवाड्याचे नाना

मग ह्यूस्टनकरांनी भरलेल्या काडतुसांची काळजी आधी करावी. रिकाम्या पुंगळीच्या मानेवर ताण थोडा असतो, भरलेलीच्या मानेत गोळी दाबून बसलेली असते, ताण कायमचा. चीर जायची तर तिथे आधी जाईल. म्हणजे रिकामं पितळ साठवणं जास्त सुरक्षित, हेच सिद्ध झालं.

ह्यूस्टनकर

एवढं बरोबर आहे. पण त्यावरून चाळीस हजार पुंगळ्या सिद्ध होत नाहीत.

सांगलीकर_डॅलस

ब्रासो मागे घेतो. पण अॅनिलिंगने, म्हणजे तापवून मऊ केल्याने, ताण निघतो की! मग कशाला एवढी भीती?

अनघा_ओहायो

आपण अॅनील करतो ती फक्त मान आणि खांदा. बुडाला उष्णता लागता कामा नये. तिथलं पितळ मऊ झालं तर पुंगळी दाब पेलणार नाही, गरम वायू मागे तुमच्या तोंडावर येतील. आणि धुतल्यावर ओव्हनमध्ये वाळवणाऱ्यांनी १२० सेल्सियसच्या पुढे जाऊ नये. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तर मुळीच नको. प्राइमरच्या काजळीत शिसं असतं.

रानवारा

मग डीकॅप करून धुऊ की आधी धुऊ?

नेवाड्याचे नाना

ओलं टम्बलिंग असेल तर आधी डीकॅप, म्हणजे खळगेही स्वच्छ होतात आणि पाणी आत अडकत नाही. हातमोजे घाला. स्टीलच्या बारीक पिना वापरत असाल तर प्रत्येक भोक उजेडात बघा, दोन पिना एकत्र अडकतात. कोरडं कॉर्नकॉब (मक्याच्या कणसाचा भुगा) वापरत असाल तर उघड्या दारात, आणि त्यात ड्रायर शीटचा (कपडे वाळवायच्या यंत्रात टाकतात त्या पट्टीचा) तुकडा टाका, धूळ धरतो.

पुणेकर_नेमबाज

मूळ वादात पडत नाही. फक्त सुट्टीला इकडे येणाऱ्यांनी रेंजची बॅग प्रवासाला वापरू नये. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही धरलेले आहेत. कोपऱ्यात राहिलेली एक पुंगळीसुद्धा विमानतळावर तासन्‌तास उत्तरं द्यायला लावेल.

ह्यूस्टनकर

नाना, .३०० साठी .२२३ चा वेगळा साठा मी हिशोबात धरला नव्हता. तो धरायला हवा, आणि मान फाटलेल्या फेकू नयेत. फक्त शिक्का बघून घ्या. काही पितळ कापल्यावर मानेशी जाड निघतं आणि गोळी बसवल्यावर चेंबरमध्ये अडतं. पण ९ एमएमच्या बाबतीत मी मागे हटत नाही. हजार पुंगळ्यांचं वजन जवळपास चार किलो, .२२३ च्या हजारांचं सहा किलोच्या वर. चाळीस हजार ९ एमएम म्हणजे दीडशे किलो पितळ, तेही न चाळलेलं.

नेवाड्याचे नाना

न चाळलेलं ठेवू नये, हे मान्य. संख्या ज्याची त्याने ठरवावी, आणि माझी तुमच्यापेक्षा मोठीच राहील. पुढची टंचाई कधी येईल हे तुमच्या भागाकारात नाही.

अनघा_ओहायो

रायफलची तरी शंभर-शंभरच्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर चिकटपट्टी लावून कितवी भरणी ते लिहा. दोन डबे एकत्र झाले तर त्यातल्या जास्त भरणीचा आकडा सगळ्यांना लावायचा. आणि भंगारात घालण्याआधी प्रत्येक बादली पूर्ण पालथी करून बघा. न फुटलेला प्राइमर किंवा एखादं जिवंत काडतूस तळाशी असतंच, आणि ते वितळवणाऱ्याच्या भट्टीत जातं.

रानवारा

.४५ चं ठरलं. लहान प्राइमरच्या वेगळ्या काढतो. त्या टाकायच्या की ठेवायच्या?

नेवाड्याचे नाना

ठेवा. मोठे पिस्तूल प्राइमर मिळेनासे झाले की त्याच चालतात. फक्त डबा वेगळा.