सात महिने देवरुख, पाच महिने मुलुंड: निवृत्तीनंतरचं वर्ष कसं बसवावं?

मुलुंड_पूर्व:
आम्ही दोघं, वय ६६ आणि ६२. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. कोकणात देवरुखला चिऱ्याचं कौलारू घर, विहीर, हापूसची आठ झाडं आणि पाच माड. नोकऱ्या संपल्या. मुलगी ठाण्यात, मुलगा पुण्यात. गणपती गावच्या घरी, गौरीबरोबर जाणारा.

साधारण सात महिने गावी आणि पाच मुंबईत राहायचं ठरतंय. जाणकारांना विचारायचं ते असं: कोणते महिने कुठे काढावेत? मुलुंडचं घर बंद ठेवावं की भाड्याने द्यावं? मे महिन्यात आणि गणपतीत दहा-बारा माणसं येतात, ती दोघांनी कशी पेलायची? मुंबईचे मित्र तुटू नयेत आणि गावात पाहुण्यासारखंही राहायचं नाही. ‘मनाला येईल तेव्हा जा’ हे उत्तर कृपया नको, त्याने तिकीट मिळत नाही.

चिरेबंदी:
सलग सात आणि सलग पाच असे दोन तुकडे करू नका. आधी न हलणाऱ्या गोष्टी कॅलेंडरवर मांडा: शिमगा, मे महिन्यातली शाकारणी (पावसाआधी कौलं उतरवून छप्पर नीट करणं), गणपती आणि डिसेंबर-जानेवारीतला मोहोर. मग वर्ष आपोआप पडतं. मार्च, एप्रिल, मे गावी. जून ते ऑगस्टचा शेवटचा आठवडा मुंबई. गणपतीच्या पंधरा दिवस आधीपासून ऑक्टोबरअखेर गावी. नोव्हेंबर मुंबई. डिसेंबर-जानेवारी गावी. फेब्रुवारी मुंबई, लग्नसराईही तेव्हाच असते. झाले सात आणि पाच.

जुलै गावी काढायचा मोह होतो, पण निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी तरी नको. वीज जाते ती तासांच्या हिशेबात येत नाही, शेवाळलेल्या खळ्यात पाय घसरतो आणि कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर हळू चालते. मात्र घर तीन महिने ठार बंद ठेवू नका. वाडीतल्या कुणाला तरी ठरलेले पैसे देऊन आठवड्यातून एकदा, उघडीप बघून, खिडक्या उघडायला सांगा. नाहीतर गाद्यांना आणि माळ्यावरच्या लाकडाला बुरशी आलीच म्हणून समजा.

शाकारणीचा माणूस मार्चमध्येच ठरवा, मेमध्ये सगळ्या गावाला तोच हवा असतो. कौलं उतरवून पन्हळीतला पाचोळा आणि शेवाळ काढायचं, रिपा आणि वासे टोकरून बघायचे, फुटकी कौलं बदलायची. चूक होते ती इथे: वेगवेगळ्या कारखान्यांच्या मंगलोरी कौलांची खाच एकमेकांत बसत नाही. लांबून सगळी सारखी दिसतात, पण जिथे परकं कौल घातलं तिथेच गळतं. आत्ताच्या कौलामागचा ठसा बघून त्याच ठशाची पन्नासेक जुनी कौलं पडवीत ठेवून द्या. आढ्यावरच्या कोन्यांचा (माथ्याच्या कौलांचा) सिमेंट दरवर्षी तडकतो, तो खरवडून नव्याने भरावा. तड्यावर नुसता लेप मारला तर पहिल्या झडीत निघतो.

आंब्याचं म्हणाल तर आठ झाडांसाठी मक्तेदार शोधत बसू नका, घरापुरते ठेवा. मोहोर फुटताना तुडतुडे आणि भुरीकडे लक्ष हवं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तिथे असलेलं बरं. काढणी झेल्याने (लांब काठीला बांधलेल्या जाळीने), देठ ठेवून. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडून फळ कुजतं. उन्हं चढायच्या आत काढा, भाताच्या पेंढ्यात अढी लावा, आठ-दहा दिवस लागतात. जूनचा पाऊस लागल्यानंतरची फळं मुंबईला पाठवू नका, त्यात फळमाशीच्या अळ्या निघतात.

आता तिकीट. तुम्ही पंधरा दिवस आधी निघालात तर गर्दीशी संबंधच येत नाही, प्रश्न मुलांचा आहे. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० होते), सकाळी ८ वाजता. खातं आधारशी जोडलेलं हवं. २०२६ चं उदाहरण घ्या. अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी लांबून सोमवारी १४ सप्टेंबरला आहे. मुलगी शुक्रवारी ११ तारखेला कामावरून घरी येऊन त्याच रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघणार असेल तर तिकीट कुठल्या तारखेचं? १२ चं! गाडी दादरहून रात्री १२:०५ ला सुटते, म्हणजे ठाण्याला येईतो शनिवार उजाडलेला असतो. त्या तारखेचं आरक्षण १४ जुलैला उघडतं, १३ ला नाही. दरवर्षी काही मंडळी हातात कन्फर्म तिकीट घेऊन एक दिवस उशिरा फलाटावर उभी असतात. आणि २०२७ ला चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे, म्हणजे सगळं दहा दिवस अलीकडे ओढा.

रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत मात्र तुम्हा दोघांनाही अर्धं तिकीट: तुम्हाला ६५ पूर्ण म्हणून, ताईंना महिला म्हणून (१७ मार्च २०२३ पासून). पंच्याहत्तरी ओलांडली की फुकट.

कडी_कुलूप:
वर सगळं गावचंच झालं, मी बंद घराचं लिहितो.

पहिल्या वर्षी भाड्याने देऊ नका. वर्षातून तीनदा परत यायचं आहे, भाडेकरूच्या घरात कुठे उतरणार? सोसायटी बंद घराचा जास्तीचा आकार मागू लागली तर सरळ नाही म्हणा. बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्ज) घर भाड्याने दिल्यावर लागतं, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. कुलूप लावलेल्या घराला ते लागत नाही. नेहमीचा मेंटेनन्स अर्थातच चालू राहतो.

निघायच्या दिवशीचं सगळ्यात महत्त्वाचं काम पाण्याचं. मुख्य कॉक बंद करा, मग एकेक नळ उघडून नळीतलं पाणी जाऊ द्या, फ्लशची टाकी रिकामी करा. वॉशिंग मशीनचा नळ वेगळा बंद करा, रबरी नळी दाबाखाली ठेवली की तिथेच फुटते. कॉक पूर्ण बंद होत नसेल (जुन्या पितळी कॉकचा वॉशर झिजतो) तर जायच्या आठवडाभर आधी प्लंबर बोलवा, आदल्या दिवशी नाही. सोसायटीत भांडणं चोरीवरून होत नाहीत, खालच्याच्या छतावरच्या ओलीवरून होतात.

बाथरूम आणि मोरीच्या जाळीखाली ट्रॅपमध्ये जेमतेम दोन इंच पाणी असतं, ते दुर्गंधी आणि झुरळं अडवतं. उन्हाळ्यात काही आठवड्यांत ते वाळून जातं आणि परत आल्यावर घरात गटाराचा वास येतो. प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओतून वर दोन चमचे कुठलंही स्वस्त तेल सोडा. तेलाचा थर पाण्याची वाफ होऊ देत नाही. वर जाडसर प्लास्टिक आणि वजन ठेवा.

पाइप गॅसचा कॉक बंद. फ्रिज रिकामा करून, बंद करून, दारात गुंडाळलेला नॅपकिन अडकवा. दार मिटलेलं राहिलं तर आत काळी बुरशी येते आणि गास्केटमधून ती जात नाही. इन्व्हर्टरची बॅटरी महिनोन्‌महिने उतरलेली राहिली तर मरते. महिन्यातून एकदा कुणीतरी ती चार्ज करायला हवी, निघताना डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघून घ्या.

मुलगी ठाण्यात आहे म्हणजे अर्धं काम झालं. महिन्यातून एक फेरी, पंधरा मिनिटं: ट्रॅपमध्ये पाणी, पंखे फिरवणं, बॅटरी, टपालपेटी. एक किल्ली तिच्याकडे, दुसरी शेजारी, आणि किल्ली कुणाकडे आहे ते सोसायटीला लेखी द्या. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तेव्हा तुम्ही गावी असणार, म्हणून नोटीस ईमेलवर मागवून ठेवा. मुलुंडला वीज महावितरणची आणि देवरुखलाही, दोन्ही ग्राहक क्रमांक एकाच ॲपमध्ये घाला. स्थिर आकार बंद घरालाही येतो, त्याने दचकू नका.

साडेतीन_वाजता:
नोव्हेंबरमध्ये मुंबई म्हटलंय ते हयातीच्या दाखल्यासाठी असेल तर त्याची गरज नाही. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप फोनवर घ्या. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, बँक खातं आणि ओटीपीसाठी मोबाईल जवळ ठेवा, आणि चेहरा दाखवा. उजेड समोरून हवा, पाठीमागे खिडकी नको, चष्मा काढा, सांगेल तेव्हा पापणी मिटा. वयोमानाने बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र ते घेत नाही, म्हणून चेहराच बरा. पेन्शन ईपीएफओची असेल तर नोव्हेंबरचंही बंधन नाही, वर्षात केव्हाही करा, तिथून बारा महिने चालतो. ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो.

एकच अडचण: ओटीपी. चिऱ्याच्या जाड भिंतींत रेंज मरते. घरात कुठल्या कंपनीची येते ते आधी बघा आणि बँकेला जोडलेला नंबर त्या कंपनीत पोर्ट करून घ्या.

चिरेबंदी:
बरोबर. तरी नोव्हेंबर मुंबईसाठीच ठेवा, दिवाळीची गाठभेट, वर्षाच्या तपासण्या आणि दातांचं काम एका फेरीत उरकतं.

मुलुंड_पूर्व:
तुतारीचं लक्षात आलं, धन्यवाद. पाहुण्यांचं कुणी सांगेल का? शिवाय मेमध्ये विहीर खाली जाते, आणि पाऊस सुरू झाल्यावर पाणी गढूळ होतं.

पाटपाणी:
पाहुणे आणि विहीर हा एकच प्रश्न आहे. बारा माणसं रोज माणशी शंभर लिटर धरली तरी बाराशे लिटर होतात. हजाराची टाकी एका दमात भरू नका, पहाटे अर्धी आणि संध्याकाळी अर्धी भरा. मध्ये झरे विहीर भरून देतात. सलग उपसली तर तळाचा गाळ पंपात येतो आणि पंप कोरडा फिरला तर सील जळतं. धुणं पाहुणे गेल्यावर.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने ओतू नका. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची (मीटरमध्ये), गुणिले ३.१४, भागिले ४, गुणिले १०००: एवढे लिटर पाणी. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण ७० ग्रॅम पावडर. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. चुना विहिरीत टाकू नका, पाणी जड होतं. तासभर उपसा नको. पावडरचं पाकीट उघडं राहिलं तर क्लोरीन उडून जातो, जुनी पावडर म्हणजे नुसती भुकटी. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, गाळ क्लोरीन खातो.

आता ताट. एका जेवणाला माणशी ८० ग्रॅम तांदूळ, म्हणजे बारा जणांना एक किलोला थोडा कमी. उसळीचं कडधान्य सुकं ५० ग्रॅम, म्हणजे ६०० ग्रॅम. नारळ दिवसाला तीन, सोलकढी असेल तर चार. गणपतीत खरा भार घरच्या बारांचा नसतो, आरतीला आणि भजनाला येणाऱ्या चाळिसांचा असतो. त्यांना काळ्या वाटाण्याची उसळ करा: अडीच किलो वाटाणे, बारा तास भिजवून. आठ तासांत ते नीट भिजत नाहीत आणि मग कुकरलाही दाद देत नाहीत. चहा चार लिटर, त्यात दूध दोन. दूधवाल्याला चतुर्थीच्या आठवडाभर आधी आकडा सांगा. नैवेद्याचे एकवीस मोदक: एका मोठ्या नारळाचा चव (दोन वाट्या), एक वाटी गूळ, दोन वाट्या पिठी, दोन वाट्या पाणी. उकड थंड झाल्यावर मळली की मोदकाला तडे जातात.

येणाऱ्याला काम आधीच नेमून द्या, ‘काय मदत करू?’ विचारणारा माणूस स्वयंपाकघरात फक्त अडगळ करतो. जावई बाजार, मुलगा पंप आणि टाकी, मुलगी सकाळचा नाश्ता, नातवंडं दूर्वा-फुलं.

मुंबईच्या मित्रांना मेमध्ये बोलावू नका. डिसेंबर-जानेवारीत बोलवा, एका वेळी दोन जोडपी, तीन रात्री. विहिरीला पाणी असतं, हवा गार असते, तिकीट मिळतं. एक दिवस कसबा संगमेश्वरचं कर्णेश्वर मंदिर, एक दिवस तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडं. संक्रांतीला मार्लेश्वराचं लग्न लागतं, ती जत्रा बघायची तर गुडघे विचारून बघा, पायऱ्या पुष्कळ आहेत.

आणि गावात पाहुणे वाटू नये म्हणून संध्याकाळी पाच ते सात पुढचं दार उघडं ठेवा. देवरुखात दार उघडं म्हणजे ‘या’, फोन करून कुणी येत नाही. दुपारी एक ते चार खुशाल लावून घ्या, त्याचा राग कुणी धरत नाही. हळदीकुंकवाची बोलावणी संक्रांत ते रथसप्तमी, तीही तुमच्या गावच्या मुक्कामात बसतात. रथसप्तमी फेब्रुवारीत गेली तर मुंबईची फेरी ती होईपर्यंत पुढे ढकला. लग्नाला एकवेळ नाही गेलात तरी चालेल, बाराव्या-तेराव्याला जा.

गुळवेल:
औषधांचं राहिलं. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव लिहून घ्या, तीच कंपनी गावात मिळेलच असं नाही. दोन महिन्यांचा साठा आणि वर पंधरा दिवस. मेडिक्लेमच्या कॅशलेस यादीत रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यातलं कुठलं रुग्णालय आहे ते निघण्याआधी बघा. विंचू किंवा साप चावला तर उतारा-मंत्रात वेळ न घालवता १०८ ला फोन आणि सरकारी रुग्णालय, सापाची लस तिथे असते. गणपतीत अंगणात, शेतात फिरून आल्यावर ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर डॉक्टरांना ‘लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असेल का?’ असं आपणहून विचारा.

दोघांपैकी कुणाला इन्सुलिन असेल तर न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, उघडलेली साधारण २८ दिवस घरातल्या थंड जागी चालते. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. लांबली तर थर्मासात बर्फ आणि बाटली फडक्यात गुंडाळून, बर्फाला टेकू न देता. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी टाकूनच द्या. बाटली ओल्या मडक्यात ठेवून गार राखायची युक्ती मे महिन्यात थोडीफार चालते, सप्टेंबरच्या दमट हवेत पाणीच उडत नाही, मडकं गार होत नाही.