बातमी फुटली तेव्हा तुम्ही कुठल्या भाषेत अडकला होतात?

वनाजवाला
मंडळी, प्रोग्रामिंगच्या भाषांत पायथन भारी का जावा, रस्ट आता शिकावं का, असले वाद दर पावसाळ्यात छत्रीसारखे बाहेर येतात. मला त्यात रस नाही (जावात नुसतं हॅलो म्हणायला पाच ओळी लागायच्या एवढं मत नोंदवून ठेवतो). मला वेगळं ऐकायचंय. टीव्हीवर मोठी बातमी येते, सगळे चहा पीत चर्चा करतात आणि कुठंतरी एक जण जुना प्रोग्राम उघडून डोकं धरून बसलेला असतो. तो तुम्ही होतात का? काय फुटलं, कसं सांधलं, ते लिहा.

सुरुवात मीच करतो. कोथरूडात मामांचं किराणा दुकान. बिलिंगचा प्रोग्राम मी कॉलेजात असताना व्हीबी सिक्स या जुन्या भाषेत लिहून दिलेला, मागे माहिती साठवायला ॲक्सेसची फाईल. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा एक ठिगळ लावलं. मग ३ सप्टेंबर २०२५ ला नवे दर जाहीर झाले, लागू २२ पासून, म्हणजे नेमकी घटस्थापना. हातात अठरा दिवस होते, मी बसलो २१ ला रात्री, सर्वपित्रीची खीर-वडे चापून, डोळ्यावर झापड. तूप १२ चं ५, फरसाण १२ चं ५, शाम्पू १८ चा ५, पटापट झालं. पाकिटातलं पनीर ५ वरून शून्य. झोपलो.

सकाळी साडेआठला मामांचा फोन, "अरे पनीर घेत नाहीये." मी म्हटलं नवरात्रात कोण घेणार पनीर, तर म्हणे नाही रे, मशीन घेत नाहीये. झालं असं होतं की दुकानातला पोरगा नवा माल चढवताना दराचा रकाना मोकळा सोडायचा, म्हणून मीच कधीकाळी लिहून ठेवलेलं की दर शून्य दिसला तर "दर भरा" म्हणून बिल अडवायचं. तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलेलं. चांदणी चौकाच्या अलीकडे गाडी बाजूला लावली, मामांना म्हटलं ०.०००१ टाका. बिलावर कर ०.०० छापून आला. अजून तेच आहे.

पेठेतली
मी सीए आहे. वरचं मी वाचलेलं नाही.

कोबोलकाका
आमच्या वेळची बातमी म्हणजे वाय टू के. १९९८ आणि ९९ अशी दोन वर्षं मी तेच केलं. कोबोल ही १९५९ ची भाषा, तिला नावं ठेवणारे पुष्कळ, पण मला ती आवडायची, सातव्या रकान्यात तारा मारला की ओळ शेरा होते, मशीन ती सोडून देतं, सगळं कसं आखीव, वहीत समास सोडल्यासारखं. रोग एवढाच की जागा वाचवायला वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले, त्यामुळे ९९ नंतर ००, आणि मशीनच्या हिशोबी आपण एकदम १९०० सालात.

सगळीकडे चार आकडे करायला ना वेळ होता ना पैसा. म्हणून बऱ्याच ठिकाणी काढलेली पळवाट अशी, आकडा ५० च्या खाली असेल तर मागे २० लाव, नाहीतर १९. गिऱ्हाईक परदेशी विमा कंपनी. चाचणीत एक बाई निघाल्या, जन्मसाल १२. आमच्या नियमाने त्या २०१२ ला जन्मणार, म्हणजे अजून जन्मल्याच नाहीत आणि पेन्शन मात्र घेतायत. मग जन्मतारखेच्या रकान्यांसाठी वेगळा नियम लिहिला, आणि असे रकाने शोधायला तीन आठवडे गेले, कारण कोणी त्याला डीओबी म्हटलेलं, कोणी बीडीटी, आणि एका महाभागाने नुसतं एक्स सात.

३१ डिसेंबरला रात्रभर ऑफिसात पहारा. बारा वाजले, काहीच झालं नाही. वडापाव खाऊन पहाटे घरी आलो तर सासरे म्हणाले, "काहीच झालं नाही, मग तुम्ही दोन वर्षं करत काय होतात?" त्यांना काय सांगणार कपाळ.

हडपसरकर
नोटाबंदी. ८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार, रात्री आठ. मी एटीएम दुरुस्तीवाल्यांकडे फील्डवर होतो. लोकांना वाटतं एटीएममध्ये काहीतरी भारी यंत्रणा असेल, अहो त्या काळात कित्येक मशीनमध्ये विंडोज एक्सपी होतं, ज्याचा सपोर्ट २०१४ लाच संपलेला. त्या रात्री भाषणात दोन हजारच्या नोटेचं ऐकलं आणि मी बायकोला म्हटलं, झालं कल्याण. कारण नवी नोट जुन्या हजाराच्या नोटेपेक्षा लहान. नोटा ज्या डब्यात बसतात त्या कॅसेटचे मार्गदर्शक दांडे सरकवायचे, मग सॉफ्टवेअरला सांगायचं की बाई आता ही नोट एवढ्या लांबीची आणि एवढ्या किमतीची, मग चाचणीला दहा नोटा काढून बघायच्या. एका मशीनला सगळं नीट असेल तर तासभर, आणि नीट काही नसायचंच. हे प्रत्येक मशीनपाशी स्वतः जाऊन करायचं, घरबसल्या नाही.

फातिमानगर, मगरपट्टा, खराडी, ॲक्टिव्हावरून. पाठीवर काळी सॅक. रांगेतल्या लोकांना वाटायचं सॅकमध्ये कॅश आहे, वाट करून द्यायचे, एका आजीनी तर बसायला स्वतःची घडीची खुर्ची दिली आणि शेंगदाण्याचा लाडू. शटर खाली ओढून मी दांडे सरकवतोय, बाहेरून दर पाच मिनिटांनी "निघाले का हो पैसे?" काम झालं, शटर वर केलं, आणि सांगायला लागलं की मशीन तयार आहे पण त्यात नोटा नाहीत, त्या दुसरी गाडी घेऊन येईल. पुढचं लिहीत नाही. खुर्ची परत केली आणि निघालो.

बावधनची ताई
वनाजवाले, तुमच्याच शनिवार-रविवारची गोष्ट. भाऊ अमेरिकेत, बाबांच्या पक्षासाठी आलेला. २० सप्टेंबरला सकाळी उठतो तर बातमी की एच-वन-बीवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर, १ लाख डॉलर, आणि त्याच्या ऑफिसचं पत्र की आपल्या रविवारी सकाळी साडेनऊच्या आत अमेरिकेत पाय ठेवा. मुंबईहून न्यूयॉर्क सोळा तास, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आत विमान सुटलं तरच. आईला तर कळेचना, बाबांचं पान वाढायचं का याची बॅग भरायची. ह्याने काय केलं तर पायथनमध्ये वीस ओळी खरडल्या, दर पाच मिनिटांनी तिकिटं बघायची आणि सीट दिसली की फोनवर घंटा. नाहीच मिळालं. रविवारी पहाटे खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना आहे, जुन्यांना नाही. सगळे ढसाढसा हसलो की रडलो आठवत नाही. मग रीतसर बसला पक्षाला, पण तो प्रोग्राम बंद करायचा राहिला. गुरुजी दर्भ मागतायत आणि सदऱ्याच्या खिशात टिंग टिंग. गुरुजी म्हणाले, घ्या, महत्त्वाचा असेल.

हेल्पडेस्क, खराडी
१९ जुलै २०२४, शुक्रवार. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या अपडेटने जगभरातली ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून बंद पडली, देशात काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते. उपाय साधा, सेफ मोडमध्ये जा, एक फाईल उडव. पण डिस्क कुलूपबंद, आणि किल्ली ४८ आकडी. दिवसभर फोनवर ४८ आकडे वाचून दाखवले. पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा आवाज झालेला. भाषा विचाराल तर मराठीच, कारण साहेब इंग्रजीत सिक्स्टीन आणि सिक्स्टी सारखंच म्हणत होते.

शुद्धलेखन कुलकर्णी
मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी, ३ ऑक्टोबर २०२४. आमच्या ग्रुपवर पेढे, तुताऱ्या. त्याच दुपारी मी एका संस्थेच्या सभासद यादीशी झटापट करत होतो. नावाचा रकाना ३० बाइटचा. इंग्रजीत ३० अक्षरं बसतात, ऐसपैस. मराठीत युनिकोडचं एकेक चिन्ह सहसा तीन बाइट खातं. आता मोजा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा चिन्हं, बरोबर तीस. यादीतले सगळे ज्ञानेश्वर बिनआडनावाचे निघाले. रकाना वाढवा म्हटलं तर प्रोग्रामर म्हणतो सर इंग्लिशमध्ये भरा ना. हे पुण्यात, बरं का.

कर्वेनगरची मास्तरीण
बातमी नाही, रोजचंच. पोरांना टर्बो सी च्या निळ्या पडद्यावर शिकवलं तेव्हा ती गेटसीएच (कळ दाबेपर्यंत पडदा थांबवणारी ओळ) विसरायची आणि आउटपुट लपकन गायब व्हायचं. आता एआयकडून आणलेला कोड एकदम चकाचक, एकही चूक नाही. मी एकच विचारते, ही ओळ काढली तर काय होईल? वर्गात पंखा ऐकू येतो.

वनाजवाला
काका, ते ५० च्या खालचं गणित... मग २०५० ला?

कोबोलकाका
तेव्हा मी ९३ चा असेन. फोन करू नये.

पेठेतली
वनाजवाले, मामांचं दुकान नक्की कुठं आहे? पनीर घ्यायचंय. बिलासकट.