दोन टोल्या थैलीत पडल्या, पुढचं काम मंडळीचं

दमडी

अर्पणाचा रविवार आला की आपल्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, भायखळ्यापासून विरारपर्यंत, दोन शास्त्रभाग ठरलेले. मलाखी 3:10, म्हणजे दशमांश (मिळकतीचा दहावा भाग) कोठारात आणा. आणि मार्क 12:41-44, म्हणजे विधवेच्या दोन टोल्या, अगदी हलकी नाणी. दोन्ही देणाऱ्याला ऐकवायचे. घेणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. माझं म्हणणं असं की त्यागाचं दान आधी घेणाऱ्याला बांधतं, आणि काही दानं मंडळीने परत केली पाहिजेत.

मार्कचा उतारा 41व्या वचनापासूनच का वाचायचा? 40व्या वचनात येशू शास्त्र्यांविषयी म्हणतो की ते विधवांची घरं गिळतात. लगेच विधवा येते आणि मंदिराच्या भांडारात सगळी उपजीविका टाकून जाते. तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो सांगतो की या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. तिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, असं तो म्हणतो. "तुम्हीही असंच करा" असं त्या उताऱ्यात कुठेही नाही.

आता हिशेब. नालासोपाऱ्यात भाड्याने राहणारं चार माणसांचं घर धरा. पगार 28,000. पीएफचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 कापून हातात 26,000. दशमांश एकूण पगारावर की हातातल्यावर, यावर आपण तासन्‌तास भांडतो. एकीकडे 2,800, दुसरीकडे 2,600. फरक 200 रुपयांचा! खरा प्रश्न पुढे आहे. भाडं 9,000, किराणा आणि गॅस 8,000, शाळा आणि रिक्षा 4,000, वीज, मोबाइल, लोकलचे पास 2,000. उरले 3,000. त्यातून दशमांश गेला की 400. घरात एकाला डेंग्यू झाला की उसनवारी सुरू. दोन लाख पगाराच्या घरातून 20,000 गेले तरी 1,80,000 उरतात. दोघांनाही दहावाच भाग, पण त्याग एकाच घरात झाला.

परत करण्याजोगं दान कोणतं? उसनं काढून आणलेलं. म्हाताऱ्या आईबापांच्या औषधातून वळवलेलं. 'हे देवाला वाहिलं' म्हणून आईबापांना नाकारणं, यालाच कुर्बान म्हणत आणि मार्क 7:9-13 मध्ये येशूने त्याचा निषेध केला आहे. आणि प्रार्थनासभेत रडता रडता गळ्यातून काढून दिलेलं सोनं.

शेपजिरे

दमडी, वाचायला बरं वाटतं, पण यात गरिबाचा अपमान आहे.

2 करिंथ 8, म्हणजे प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला दुसरं पत्र, उघडा. मासेदोनियाच्या मंडळ्या कमालीच्या दारिद्र्यात होत्या, आणि देण्यात भाग मिळावा म्हणून त्यांनी पौलाला आग्रहाने विनवलं. पौलाने "तुम्हाला परवडणार नाही" म्हणून पैसे परत केले नाहीत. सारफथच्या विधवेकडे मूठभर पीठ उरलं होतं, तरी एलीया संदेष्ट्याने आधी स्वतःसाठी भाकर मागितली. आणि तुमच्याच उताऱ्यात येशू भांडारासमोर बसला होता. त्याने तिचा हात धरला का?

दशमांश ही शिस्त आहे. टक्का ठरलेला नसला की महिनाअखेरीचं उरलंसुरलं देवाच्या वाट्याला येतं. 1 करिंथ 16:2 मध्ये पौल सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने बाजूला काढून ठेवावं. म्हणजे पगार खात्यात पडला त्याच दिवशी वेगळं. मिझोरामच्या मंडळ्यांत 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ काढून ठेवतात. झोपडीतल्या घरालाही कोणी "तू नको काढूस" म्हणत नाही.

मुंबईच्या इतिहासाचंही भान ठेवा. अमेरिकन मिशनरी इथे 1813 साली आले आणि पुढे कामाचा खर्च अमेरिकेतूनच येत राहिला. 1854-55 मध्ये त्यांच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन इथे आले. मंडळीने आपला पाळक (धर्मगुरू) आपण पोसावा, हा त्यांचा हट्ट. गरिबाचं दान नाकारणारी मंडळी पुन्हा श्रीमंताची नाहीतर परक्याची होते. गरिबाने दिलं, म्हणून त्याला वार्षिक सभेत उभं राहून जाब विचारता येतो.

दमडी

एलीया भाकर खाऊन निघून गेला नाही. तो त्याच घरात राहिला आणि तेच पीठ ती, तिचा मुलगा आणि तो असे सगळे खात राहिले. दान घेणाऱ्याने देणाऱ्याच्या ताटाची काळजी वाहिली. तेवढंच मागतोय.

आणि दशमांशाचा कायदा पुरा वाचा. लेवीय 27:30-32 मध्ये शेताचं, झाडाचं पीक आणि काठीखालून जाणारं दहावं जनावर आहे. मजुरी त्यात नाही. अनुवाद 14:28-29 प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, आणि तो खाणार कोण? लेवी (मंदिराची सेवा करणारा वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा. विधवा घेणाऱ्यांच्या यादीत आहे हो!

माहीमकर

कॅथलिक बाजू थोडक्यात. आमच्याकडे दहावा भाग सक्तीचा नाही. चर्चच्या गरजांना ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे हातभार लावावा, एवढीच आज्ञा आहे. पण त्यामुळे पुष्कळ लोक थैलीत दहाची नोट टाकून सुटतात, म्हणून शेपजिरे यांचा शिस्तीचा मुद्दा मला पटतो.

त्याग कशातून यावा याला एक जुनं उत्तर आहे. दुसऱ्या शतकात आरिस्तीदिस याने सम्राटाला लिहिलं, की ख्रिस्ती लोकांत कोणी गरजू असेल आणि यांच्याजवळ जास्तीचं काही नसेल, तर हे दोन-तीन दिवस उपास करून त्याला अन्न पुरवतात. म्हणजे पैसा ताटातून आला, घरभाड्यातून आला नाही. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, गुड फ्रायडे धरून सात शुक्रवार येतात. घरातली चार मोठी माणसं एकेक जेवण सोडणार आणि जेवणाचे 60 रुपये धरले, तर 1,680 होतात. ते पाकिटात वेगळे ठेवायचे. चूक इथे होते की शुक्रवारी मटण सोडून पापलेट आणतात आणि खर्च उलट वाढतो.

संत विन्सेंट द पॉल सोसायटीची पद्धतही बघा. 1833 साली पॅरिसमध्ये ही संस्था निघाली. सभेत थैली अशी फिरते की कोणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही, आणि मदत द्यायला सभासद जोडीने घरी जातात. देणारा झाकलेला, घेणाऱ्याचं घर डोळ्यांनी पाहिलेलं. बऱ्याच मंडळ्यांत याच्या उलट चालतं: वार्षिक अहवालात वर्गणीदारांची नावं रकमेसकट छापतात आणि मदत कोणाला गेली ते कोणालाच ठाऊक नसतं.

हिशेबवही

खजिनदाराच्या टेबलावरून पाहिलं तर दमडी आणि शेपजिरे, दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

दमडी, "परत करा" म्हणणं सोपं. मंडळी सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली असते. पावती फाटली, रक्कम खात्यात जमा झाली, की ती देणाऱ्याची मालमत्ता राहत नाही, न्यासाची होते. पाळकसाहेबांना दया आली म्हणून ती परत देता येत नाही. ऑडिटर विचारणार, आणि बरोबरच विचारणार. म्हणून नाकारायचं असेल ते स्वीकारण्याआधी. नियम असा करता येईल: सभासदाच्या नेहमीच्या तीन महिन्यांच्या अर्पणापेक्षा मोठी रक्कम आली, तर पावती लगेच फाडायची नाही, चेक वटवायचा नाही. आठवड्याच्या आत पाळक आणि एक वडीलबाई घरी जाऊन तीन गोष्टी विचारतील. कर्ज काढलंय का? घरातल्या दुसऱ्या मिळवत्या माणसाला माहीत आहे का? सहा महिन्यांचं भाडं आणि फी बाजूला आहे का? एकाही उत्तरात अडलं तर चेक तसाच परत, किंवा "दरमहा थोडं द्या" असं सुचवायचं. आणि ही भेट मोठ्या पगारवाल्याकडेही व्हायला हवी. ती फक्त गरिबाकडे झाली, तर शेपजिरे म्हणतात तो अपमान होतोच.

सोनं थैलीत घेऊच नये. आग्रहच असेल तर सराफाकडून वजन आणि कस लेखी, दोन साक्षीदार, विकल्यावर पैसे थेट बँकेत. रोख रकमेचंही लक्षात ठेवा: एका माणसाकडून एका दिवसात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

मोजणी. थैली उपासना संपताच, देवळातच उघडायची. मोजणारे दोघे, एकमेकांचे नातेवाईक नसलेले. नोटांप्रमाणे चिठ्ठी, दोघांच्या सह्या, सोमवारी रक्कम जशीच्या तशी बँकेत. बिघडतं ते "आजच्या अर्पणातून इलेक्ट्रिशियनला 1,500 देऊन टाका" इथून. चिठ्ठीवर एक आकडा, पासबुकात दुसरा, आणि दोन वर्षांनी भांडण. पौलाने 2 करिंथ 8:20-21 मध्ये एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून सोबत माणसं घेतली. नहेम्या 13:13 मध्ये कोठारावर चौघं नेमली, विश्वासू म्हणून नावाजलेली. मलाखी वाचणाऱ्यांनी हेही वाचावं. लेव्यांना वाटा मिळत नव्हता म्हणून ते शेतावर परत गेले होते, ही तिथली तक्रार आहे.

गोरेगाव_पूर्व

क्यूआर कोडबद्दल एक. तो न्यासाच्या खात्याचाच हवा, पाळकांच्या खाजगी नंबरचा नको. भिंतीवर चिकटवलेल्या कोडवर दुसरा स्टिकर लावता येतो, म्हणून दर रविवारी एक रुपया पाठवून खात्याचं नाव तपासा.

"बी पेरा, शंभरपट घ्या" म्हणणाऱ्या सभांविषयी या धाग्यात कोणी बोललं नाही. तिथे त्याग शिकवत नाहीत, गुंतवणूक शिकवतात. परतावा मिळाला नाही की दोष विश्वासाच्या कमतरतेवर जातो, आणि माणूस आणखी उसने काढतो.

शेपजिरे

हिशेबवही, "तीन गोष्टी विचारा" मान्य. दमडी, विधवा घेणाऱ्यांच्या यादीत आहे, हेही मान्य. पण तुमचा सगळा जोर गरिबाचे 2,600 वाचवण्यावर आहे. दोन लाखवाल्याला तुम्ही एका वाक्यात सोडलंत. श्रीमंत जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता देऊ केली होती.

दशमांश चढता करा. पहिल्या 30,000 वर 5 टक्के, पुढच्या 70,000 वर 10, लाखाच्या वरच्या रकमेवर 20. 28,000 वाल्याचे 1,400 होतात. दोन लाखवाल्याचे 1,500, 7,000 आणि 20,000 मिळून 28,500. शिस्त राहिली, गरीबही देणारा राहिला, आणि श्रीमंताच्या घरात काहीतरी कमी पडलं.

दमडी

हे मला मान्य. सक्ती म्हणून नको, 2 करिंथ 9:7 आडवं येतं. शिकवण म्हणून वेदीवरून सांगा. घरकाम करणारी बाई रोज दहा रुपये डब्यात टाकून महिन्याला तीनशे आणते, ते घ्यावेतच. फक्त तिचं भाडं थकलं तर मंडळीला ते कळायला हवं.

हिशेबवही

कळून उपयोग नाही, पैसे वेगळे असायला हवेत. सर्वसाधारण अर्पणाच्या दर शंभरातले 15 आधी मदत निधीत, मग पगार, वीज, डायोसिसचा (धर्मप्रांताचा) हिस्सा. मदत निधी म्हणून गोळा झालेलं छपरावर खर्च करायचं नाही, पावसाळ्यात कौलं गळत असली तरी; छपरासाठी वेगळं मागा. अर्ज दोन ओळींचा, निर्णय सात दिवसांत, नाव अहवालात नाही, रक्कम आणि कुटुंबांची संख्या मात्र छापायची.

एक राहिलं. काही जण 80-जी (देणगीवर आयकर सवलत) असलेल्या संस्थेला देऊन तेच दशमांशात धरतात. मंडळीला दिलेल्या अर्पणावर ती सवलत सहसा मिळत नाही. जुन्या करपद्धतीत 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने 10,000 दिले आणि निम्म्या रकमेला सवलत मिळाली, तर उपकरासह 1,560 रुपये वाचतात. म्हणजे खिशातून गेले 8,440. वहीत तेवढेच लिहा.

15 टक्क्यांचा ठराव पुढच्या वार्षिक सभेत मांडणार असाल तर सूचक आणि अनुमोदक अशा दोन सह्या लागतील, आणि विषयपत्रिका निघण्याआधी तो चिटणीसांकडे लेखी द्यावा लागेल. मसुदा मी टाकतो. शेपजिरे, चढत्या दशमांशाचा तक्ता तुम्ही जोडा.