शाळेच्या टीमचं स्पॉन्सर्ड चॅलेंज : तुमचे अनुभव सांगा

नोव्हेंबर आला की इकडे इंग्लंडात शाळाशाळांतून चिल्ड्रन इन नीडचं, म्हणजे बीबीसीच्या गरजू मुलांसाठीच्या मदतनिधीचं, वारं वाहायला लागतं. डोळ्यावर ठिपक्यांची पट्टी बांधलेलं ते पिवळं पडसी अस्वल जिकडेतिकडे, पोरं ठिपक्यांचे कपडे घालून जातात, पौंडभर दिला की आपण सुटलो. यंदा मात्र लेकीच्या नेटबॉल टीमने ठरवलंय की रोइंग मशीनवर (जागच्या जागी वल्हवायचं व्यायामाचं यंत्र) इंग्लिश खाडी ओलांडायची, डोव्हर ते फ्रान्समधलं कॅले आणि परत, म्हणजे साधारण ६८ किमी, आळीपाळीने मारायचे, अर्धे पैसे चिल्ड्रन इन नीडला आणि अर्धे इथल्या मुलांच्या हॉस्पिसला (बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या मुलांची काळजी घेणारी संस्था). पोरी अकरा-बारा वर्षांच्या! कोण किती पैसे देणार ते लिहायचा स्पॉन्सर फॉर्म फ्रिजवर लावलाय, त्यावर आत्तापर्यंत नावं दोनच, माझं आणि नवऱ्याचं. ऑफिसात मागायचं अगदी जिवावर येतं. तुमच्या मुलांनी असं काही केलंय का, पैसे कसे जमवले, आणि मागायचं कुणी, मुलांनी की आपण? सविस्तर लिहा.

*

मुलगा रोइंग करतो म्हणून आधी मशीनचं सांगतो. चाकाच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा खटका असतो, पोरं हमखास तो १० वर नेतात, जड म्हणजे भारी असं वाटतं त्यांना, आणि दोन मिनिटांत ढेपाळतात. ३ ते ५ च्या मधे ठेवायला सांगा. हाताने ओढायचं नाही, आधी पाय ढकलायचे, मग पाठ, शेवटी हात. ५०० मीटरला अडीच मिनिटं धरली तरी ६८ किमीला साडेपाच तासांच्या वर जातात, आणि खरा वेळ खातात ते पायाचे पट्टे, एक उतरणार, दुसरी बसणार, पट्टा सैल, पट्टा घट्ट. आमच्याकडे फुटबॉल टीमने केलं तेव्हा एका पोराला फक्त पट्ट्यांवर बसवलं होतं, त्याने दिवसभर दुसरं काही केलं नाही आणि शेवटी सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. शाळा सुटायच्या आत संपवायचं असेल तर दोन मशीन लावा सरळ.

*

ताई, फॉर्मवरचा गिफ्ट एडचा चौकोन विसरू नका. देणारा इथे टॅक्स भरत असेल तर प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून संस्थेला जादा मिळतात, पण त्यासाठी पूर्ण नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड लागतो आणि लोक नुसतं 'जॉन, ५ पौंड' लिहून मोकळे होतात. आमच्या कोल्हापूरच्या काकांनी कौतुकाने पैसे पाठवले, त्यांच्या नावापुढे टिक करता आली नाही कारण ते इथे टॅक्स भरत नाहीत. तरी व्हॉट्सॲपवर रोज विचारायचे, कुठपर्यंत पोचली गं आमची बोट?

*

टोरंटोहून. आमच्याकडे सप्टेंबरात शाळांमधून टेरी फॉक्स रन असतो. हा तुमच्या विषयातला नाही म्हणा, पैसे कॅन्सरच्या संशोधनाला जातात, पण पैसे मागण्याची पद्धत मला फार आवडते. १९८० साली टेरी हा कॅन्सरपायी एक पाय गमावलेला पोरगा कृत्रिम पायावर कॅनडा पार करायला निघाला, १४३ दिवस आणि ५,३७३ किमी पळाला, कॅन्सर फुप्फुसात पसरला म्हणून थांबावं लागलं. त्याचं मागणं होतं माणशी एक डॉलर. आता पोरं शाळेत दोन डॉलरचं नाणं घेऊन जातात, टूनी फॉर टेरी. कुणाचे किती जमले हा तक्ता नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे काका-मामांची फौज नाही ती मुलंही खाली मान घालत नाहीत.

*

वरच्या प्रतिसादाला +१. इथे अमेरिकेत लेकाच्या शाळेत दोरीच्या उड्या असतात, हार्ट असोसिएशनसाठी, जास्त पैसे आणले की जास्त बक्षिसं, ती प्लॅस्टिकची कीचेन. पोरगा उड्यांपेक्षा कीचेनचंच बोलत होता. मला नाही पटत, पण पोराला पटतं त्याला काय करणार.

*

आम्ही पुण्यात शाळेत असताना नुसती पावतीपुस्तकं मिळायची, वाडा पालथा घालून दहा-दहा रुपये आणायचे, बदल्यात आम्ही काहीच करत नव्हतो :) तुमच्या पोरी निदान घाम गाळतायत, बिनधास्त मागा. आणि त्यांनाच मागू द्या, शेजारची आजी त्यांना जेवढे देईल तेवढे तुम्हाला देणार नाही.

*

टीममधे कुणाला दमा असेल तर? आमच्या मुलीला आहे, थंडीत वाढतो. सरांनी तिला बाहेर न ठेवता आकडे लिहायला बसवलं, दर ५०० ला फळ्यावर रेघ मारायची आणि पुढचं नाव ओरडायचं. मधे एकदा तीही हळूहळू एक पाळी मारून आली, इन्हेलर खिशात ठेवून. शाळेला आधी सांगून ठेवा एवढंच.

*

एक राहिलं, दर किलोमीटरचा स्पॉन्सर घेत असाल तर वरची मर्यादा लिहून घ्या. आमच्याकडे एका आजोबांनी पौंड दर किमी असं लिहून दिलं, त्यांना वाटलं पोरगं फार तर चारपाच किमी मारेल, आकडा अख्ख्या टीमचा निघाला. दिले बिचाऱ्यांनी, पण पुढच्या वर्षी फॉर्म नेला तर आधी चष्मा शोधला.

*

धागाकर्ती : हाहा, माझ्या सासऱ्यांनी आजच फोनवर दर किमी म्हणून सांगितलंय, लगेच फोन करते. आणि गिफ्ट एडचा चौकोन आम्ही दोघांनीही रिकामाच सोडला होता, भरला.