सायकल कडेने चालवावी की लेनच्या आतून? (कोथरूड ते शिवाजीनगर, सकाळची गर्दी)

रानजाई

नमस्कार. प्रश्न रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांना आहे. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाणाऱ्यांचाही अनुभव वाचायला आवडेल, पण माझी अडचण सकाळी साडेनऊची आहे.

मी कोथरूडहून शिवाजीनगरला जाते. कर्वे रस्ता, नळ स्टॉप, डेक्कन, मग गुडलक चौकातून फर्ग्युसन रस्ता. येताना जंगली महाराज रस्ता. सायकल साधी, बिनगिअरची, पुढे बास्केट, मागे कॅरिअरला डबा आणि पिशवी. हेल्मेट घालते, ओढणी गाठ मारून आत खोचते. जोरात जात नाही.

लहानपणापासून सगळ्यांनी एकच शिकवलं, "कडेने चालव." पण कर्वे रस्त्याची कडा म्हणजे काय ते रोज जाणाऱ्यालाच माहीत. चेंबरची झाकणं रस्त्याच्या दोन इंच खाली. पावसाळी गटाराच्या जाळीचे गज नेमके आपण जातो त्याच दिशेने, सायकलचं बारीक चाक त्यात सहज अडकेल. खडी, वाळू, फुटलेली काच. दुकानांपुढे लावलेल्या गाड्या. आणि समोरून, चुकीच्या बाजूने येणारे दुचाकीवाले, तेही कडेनेच. त्यामुळे थोडं अंतर गेलं की मला बाहेर यावं लागतं, आणि बाहेर आले की मागून हॉर्न. लेनच्या आतून सरळ चालवली तर पहिल्यापासूनच हॉर्न.

मागच्या आठवड्यात एका दुकानासमोर उभ्या गाडीचं दार उघडलं. हँडलला लागलं आणि मी उजव्या बाजूला रस्त्यात पडले. मागच्या रिक्षावाल्या काकांनी वेळेवर ब्रेक मारला, खाली उतरून सायकलही उचलून दिली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. गाडीतले गृहस्थ म्हणाले, "ताई, सायकल कडेने चालवायची ना." मी कडेनेच होते. कडेने होते म्हणूनच दार लागलं. तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

घरचे म्हणतात स्कूटी घे. मला सायकल सोडायची नाही. मला ती आवडते, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. तर रोज चालवणाऱ्यांनी सांगा, तुम्ही रस्त्यात नेमके कुठे असता?

ब्रेकवायर

कोपर धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंत ना? नसेल तर आधी ते.

मी स्वारगेट ते हडपसर करतो. उभ्या गाड्यांपासून एक पूर्ण उघडं दार मावेल एवढी जागा सोडतो, म्हणजे साधारण एक ते सव्वा मीटर. मग मागून कितीही हॉर्न वाजो. हॉर्नने कोणी पडत नाही, दाराने पडतो. उभ्या गाडीच्या मागच्या काचेतून आत डोकं दिसतंय का ते बघायची सवय लावा. ड्रायव्हरच्या सीटवर कोणी असेल, ब्रेकचा दिवा आत्ताच विझला असेल, पुढचं चाक बाहेर वळलेलं असेल, तर दार तरी उघडणार किंवा गाडी तरी निघणार.

दोन उभ्या गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका. पुढच्या गाडीपाशी परत बाहेर यावं लागतं, आणि मागच्यासाठी तुम्ही मधला वेळ गायब झालेल्या असता. सरळ रेघ धरा. लेन अरुंद असेल, म्हणजे मोटार तुम्हाला अंतर सोडून जाऊच शकणार नसेल, तर डाव्या लेनच्या मध्यावर या. रस्ता रुंद झाला की बाजूला व्हा आणि हाताने "जा" अशी खूण करा. त्या खुणेने निम्मे लोक शांत होतात.

थांबलेल्या ट्रॅफिकमध्ये डावीकडून पुढे जाताना सर्वांत जास्त जपायचं. रिक्षा आणि कॅबमधले लोक सिग्नलला मध्येच डाव्या बाजूने उतरतात.

अश्विनी चारचाकी

मी गाडी चालवते, रोज बाणेर. सायकलवाल्यांबद्दल राग अजिबात नाही, पण भीती वाटते. पुढे सायकल असली की हॉर्न वाजवावा की नाही हेच कळत नाही. वाजवला तर दचकतात, नाही वाजवला तर अचानक मध्ये येतात. आणि शेजारून जाताना किती अंतर सोडायचं?

ब्रेकवायर

विचारलंत ते फार बरं केलंत. लांबून एकदा, हलका. अगदी पाठीशी येऊन वाजवलात तर हँडल हलतंच. अंतर दीड मीटर सोडा. जर्मनीत २०२० पासून शहरात दीड आणि शहराबाहेर दोन मीटर असा नियमच आहे. पुण्यात तेवढी जागा नसेल तर मागेच थांबा. पुढच्या सिग्नलला आपण दोघं शेजारी उभे असतो, हे मी रोज बघतो.

आणि गाडीतून उतरताना उजवं दार डाव्या हाताने उघडा. हात आडवा गेला की खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. मुलांना मागच्या सीटवर हीच सवय लावा, दाराच्या लांबच्या हाताने उघडायचं.

कसबापेठ

मी १९७२ साली खडकीच्या कारखान्यात लागलो. कसब्यातून संगम पूल, वाकडेवाडी, खडकी. भोंगा झाला की दरवाज्यातून सायकलींचा लोंढा निघायचा, आणि तो ओसरेपर्यंत मोटारवाला गुपचूप थांबायचा. कडेने की मधून हा प्रश्नच आमच्यापुढे नव्हता. सायकलचा कर भरून पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडत, आणि डबलसीट दिसलं की दंड.

रानजाई, तुमचं वाचून एक सांगावंसं वाटलं. तेव्हाचा मोटारवाला, ट्रकवाला, बसचा ड्रायव्हर, सगळे कधी ना कधी सायकलवर बसलेले असत. पुढे खड्डा आहे म्हणजे हा आता उजवीकडे येणार, चढ आहे म्हणजे हा उभा राहून पायडल मारणार आणि थोडा झुलणार, हे त्यांना न सांगता समजे. आताचा गाडी चालवणारा मुलगा थेट स्कूटरवरून मोटारीत गेलेला. त्याला तुमची सायकल का वळते ते दिसत नाही. म्हणून वळण्याआधी मान मागे वळवा. हात दाखवा, तोही पूर्ण लांब करून. मागच्याला तुमचा चेहरा दिसला की तो वेग कमी करतो, हे मी नोकरीभर पाहिलं.

मध्यमवेग

सायकल ट्रॅक आहेत की. ते वापरले तर हा प्रश्नच उरणार नाही.

रानजाई

जंगली महाराज रस्त्यावर येताना जिथे जमतं तिथे वापरते. नवे पदपथ झाले तेव्हा फार आनंद झाला होता, आणि चालणाऱ्यांसाठी ते खरंच चांगले आहेत. पण ट्रॅक प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी तुटतो, मध्ये खांब, वर लावलेल्या दुचाक्या. पदपथ आणि सायकल ट्रॅकवर मोटार वाहन न्यायला केंद्राच्या २०१७ च्या नियमांत मनाई आहे, म्हणजे नियमाची कमतरता नाही. शिवाय कर्वे रस्त्यावरच्या माझ्या वाटेत सलग ट्रॅक नाहीच. मला जो रस्ता आहे त्यावरूनच जायचं आहे.

कसबापेठ काका, मान वळवायचं उद्यापासून नक्की. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे.

स्टेअरिंगवाला

ताई, मी शहरातल्या बसवर चालक आहे. बारा मीटरची गाडी. सगळं वाचलं, आमच्या सीटवरून काय दिसतं ते सांगतो, उपयोग होईल.

पहिली गोष्ट. गाडीच्या डाव्या अंगाला, पुढच्या दरवाज्याच्या जरा मागं सायकल आली तर ती आम्हाला दिसत नाही. आरशात नाही, काचेतून पण नाही. गाडीच्या नाकासमोर अगदी चिकटून उभं राहिलं तरी नाही. साधी खूण आहे, आमच्या डाव्या आरशात तुम्हाला आमचं तोंड दिसत नसेल तर आम्हाला तुम्ही दिसत नाही. सिग्नलला बसच्या डावीकडून पुढं घुसू नका. मागं थांबा, नाहीतर एवढं पुढं जाऊन थांबा की मी मान न वळवता बघेन.

दुसरी. डावीकडं वळताना पुढचं चाक बाहेरून जातं, मागचं आतून येतं. पुढचा भाग वळून गेला म्हणून माणसाला वाटतं जागा झाली, आणि त्याच जागेवर मागचं चाक येतं. बस डावा इंडिकेटर देत असेल आणि कोपरा जवळ असेल तर डाव्या बाजूला राहूच नका. माझ्या हातून देवाच्या कृपेनं कधी झालं नाही, पण डेपोत ज्याच्या हातून झालंय त्याला मी पाहिलंय. तो माणूस परत स्टेअरिंगवर बसला नाही.

तिसरी, थांबा. गाडी थांब्याला लागत असताना सायकलवाले बस आणि फूटपाथच्या मधून काढतात. तिथं म्हातारी माणसं उतरत असतात. मागं थांबा, गाडी निघू द्या. फार वेळ उभी असेल तर मागं बघून उजवीकडून जा, पण उजवा इंडिकेटर लागला की जाऊ नका, मी निघणार आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. कडेचा सायकलवाला माझ्या दृष्टीनं जास्त अवघड. तो गाडीमागं जातो, दिसेनासा होतो, परत बाहेर येतो. कधी येईल सांगता येत नाही. लेनमध्ये सरळ चालणारा मला लांबून दिसतो. मी वेग कमी करतो, जागा झाली की काढतो. चिडचिड होते का, तर होते. फेरीला ठरलेली मिनिटं असतात, उशीर झाला की डेपोत उत्तर द्यावं लागतं, शेवटी चहाची वेळ जाते. पण चिडलेला ड्रायव्हर तुम्हाला बघत असतो. ज्याला तुम्ही दिसलाच नाही त्याला घाबरा.

आणखी एक. आता इलेक्ट्रिक गाड्या आल्यात. हळू चालताना त्यांचा आवाज येत नाही. कानावर भरवसा ठेवू नका. एका कानात पण गाणी नको.

उत्रेख्तवासी

मूळची सदाशिव पेठेतली, आता नेदरलँड्समध्ये. इथे मोटार आणि सायकलची टक्कर झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मुळात मोटारवाल्यावर असते. सायकलवरचं मूल चौदा वर्षांच्या आतलं असेल तर जवळजवळ पूर्णच. पण हा देश पहिल्यापासून असा नव्हता. १९७१ मध्ये इथे रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, नंतर १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद झाल्या, आणि हळूहळू रस्ते बदलत गेले. वस्तीतल्या गल्ल्यांना ताशी ३० ची मर्यादा लागली. ५० च्या वेगातल्या धडकेत ३० पेक्षा जवळपास पावणेतीन पट ऊर्जा असते, साधा वर्गाचा हिशोब आहे. इथल्यांना सायकलचं उपजत प्रेम होतं असं पुण्यातले मित्र म्हणतात, ते मला पटत नाही. त्यांनी ते मागून घेतलं.

रानजाई, तुम्ही सोडू नका.

रानजाई

स्टेअरिंगवाला दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. इतकी वर्षं बसच्या शेजारून जाते, पण आरशातल्या तोंडाची खूण कोणीच सांगितली नव्हती. आज फर्ग्युसन रस्त्यावर मुद्दाम बघितलं. एका चालकाचं तोंड दिसलं, मी हात केला, त्यांनीही केला.

आजपासून दाराएवढं अंतर सोडून सरळ रेघ धरली. नळ स्टॉपच्या अलीकडे एकाने बराच वेळ हॉर्न वाजवला. पुढे रस्ता रुंद झाल्यावर ब्रेकवायर म्हणतात तशी खूण केली, तर तो जाताना काही बोलला नाही. दुचाकीवाले मात्र डावीकडच्या त्या मोकळ्या जागेतून सुसाट जातात. त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही. सध्या डावीकडे सरकण्याआधी डाव्या खांद्यावरूनही बघते.

आणखी एक विषय आहे. आमच्या सोसायटीचे वॉचमन रात्रपाळीला वारज्याहून सायकलने येतात. पेपरवाला मुलगाही अंधारातच येतो. दोघांच्याही सायकलला ना दिवा ना रिफ्लेक्टर. आपण इथे हेल्मेट आणि लेनवर बोलतोय, पण या शहरात अंधारात सायकल चालवणारे बहुतेक हे लोक आहेत, आणि त्यांना कोणी काही विचारत नाही. सोसायटीच्या निधीतून दोघांनाही मागचा लाल दिवा आणि चमकणारी टेप द्यायची असं मी सेक्रेटरींशी बोलून ठरवलं आहे. टेप कुठे लावली तर गाडीवाल्याला लवकर दिसते?

स्टेअरिंगवाला

ताई, मागच्या मडगार्डला लाल, पुढं हँडलच्या खालच्या दांडीला पांढरी. पण सगळ्यात आधी पायडलच्या दोन्ही कडांना लावा, पुढच्या आणि मागच्या. पायडल वरखाली होतं, त्यामुळं अंधारात लांबूनच कळतं की ही सायकल आहे आणि चालू आहे. मडगार्डवरची एकटी टेप कुठल्या उभ्या गाडीची पण वाटू शकते. चाकाच्या तारांना पण थोडी लावा, चौकात आडवा आलेला दिसतो. लावण्याआधी रॉकेलच्या फडक्यानं तेल पुसा, मग कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर पहिल्या पावसात सुटते. आणि वॉचमनना सांगा, पिशवी किंवा घोंगडी कॅरिअरवर अशी बांधू नका की मागचा दिवा झाकला जाईल. दहातल्या निम्म्या सायकलींचा दिवा आम्हाला त्यामुळंच दिसत नाही.