मदत हवी आहे: फायर एम्ब्लेम गेममध्ये लेव्हल १० ला प्रमोट करू की २० पर्यंत थांबू?

नमस्कार मंडळी, खानापुरात पाऊस लई लागलाय, बाहेर पडायची सोय नाही म्हणून फायर एम्ब्लेमचा द सेक्रेड स्टोन्स (२००४ चा, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवाला) खेळालोय. तर प्रश्न असा की युनिट (म्हणजे आपला लढवय्या) लेव्हल १० ला प्रमोट करता येतं, म्हणजे त्याला वरचा वर्ग मिळतो, पण २० पर्यंत थांबलं तर मधल्या लेव्हलींचे स्टॅट (ताकद, वेग असले आकडे) जादा मिळतात, कारण प्रमोट केल्यावर लेव्हल परत १ पासून सुरू होते. हिशेबानं थांबणंच बरोबर वाटतं, पण निपाणीचा मावसभाऊ म्हणतोय प्रमोशनचा बोनस आत्ता घे की, नंतर घेऊन काय लोणचं घालणार काय.

माझं खरं अडलंय ते ल्यूट (जादूगार) आणि मोल्डर (पुजारी) या दोघांवर, कारण त्यांना प्रमोट करायला लागणारी गायडिंग रिंग हातात एकच आहे. ल्यूट मारामारी करत्या त्यामुळं एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) भराभर मिळतो, मोल्डर नुसता काठी फिरवून बरं करत बसतोय, त्याची लेव्हल २० कधी व्हायची? त्याला आत्ताच प्रमोट करून बिशप केला तर लाइट मॅजिकनं तो पण मारंल. मला तरी हेच पटतंय.

घोडेस्वार फ्रान्झचं पण सांगा, प्रमोट करून पॅलाडिन केला तर लांब पळतो, ग्रेट नाइट केला तर कुऱ्हाड मिळते पण चाल कमी.

टॉवर ऑफ वाल्नीत (तिथं परत परत लढता येतं) जाऊन लेव्हल वाढवा म्हणून सांगू नका, त्यात मजा नाही. डिफिकल्ट मोडवर कुणी खेळलंय काय? रिंग कुणाला देऊ?