रामकुंडावर कर्ता कोण?

गोदाकाठ: मागच्या महिन्यात बाबांची दशक्रिया झाली. मी एकुलती एक, पण विधीच्या कर्त्याने घालायचं दर्भाचं पवित्रक पुण्याहून आलेल्या चुलतभावाच्या बोटात. गुरुजींनी गोत्र विचारलं, त्याला येईना. पणजोबांचं नावही येईना. मी मागून सांगायची, तो पुढे म्हणायचा. त्र्यंबकेश्वराचा गाभारा २०१६ मध्ये कोर्टकचेऱ्यांनंतर बायकांना उघडला, तोही सकाळी एक तास, ओल्या वस्त्रानिशी. बाईची भक्ती सगळ्याच धर्मांना चालते, दान चालतं, उपास तर हवेतच. ती विधीला बसते म्हटली की शास्त्र आठवतं.

पंचवटीकर: ताई, तुमचं दुःख कळतं, पण धर्माला झोडपू नका. मुलगा नसेल तर पत्नी, कन्या यांनाही अधिकार आहे. तुम्हाला आडवी आली ती रूढी. सोवळं पुरुषांनाही असतंच. आतून सावकाश बदलू द्या. पुण्यात बायका कित्येक वर्षं पौरोहित्य करताहेत, तिथे कुठे कोर्ट लागलं?

जुनं नाशिक: सावकाश म्हणजे किती? काळारामाच्या दारात १९३० पासून पाच वर्षं दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह चालला. बायकाही होत्या त्यात. कडी आतून कुणी काढली?

लेणीवाला: पांडवलेणीला तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. राजा आईच्या नावाने गौतमीपुत्र, लेणं दिलं त्याच आईने, राहायला मात्र भिक्खू. मी बौद्ध, तरी लिहितो: भिक्खुणी शंभर वर्षं दीक्षित असली तरी तिने आजच्या भिक्खूला वंदन करायचं, असा नियम विनयात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथात, आहे. काही अभ्यासक तो मागाहून घुसडलेला मानतात. असेल. पण घुसडणाऱ्याचं फावलं कसं?

पंचवटीकर: मग रोख आमच्यावरच का? मशिदींबद्दल कुणी बोलत नाही.

द्वारका सर्कल: मी बोलते, मुसलमान घरातली आहे. हाजी अलीला बायका पूर्वी मजारीपर्यंत जायच्या, बंदी अगदी अलीकडची. २०१६ मध्ये हायकोर्टाने उठवली. म्हणजे तीही 'परंपरा' नव्हतीच. दुसरी बाजूही ऐका. कुराणात मुलीचा वाटा पहिल्यापासून आहे, भावाच्या निम्मा का होईना. महाराष्ट्रात हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने बरोबरीचा हक्क १९९४ मध्ये मिळाला. पण आमच्या अम्मीने निम्माही घेतला नाही. मामू ईदीला साडी आणतात ना, मग वाटा कशाला मागायचा!

नाशिकरोड: आमच्या कॅथलिकांत १९९४ मध्येच पोपनी लिहिलं, स्त्रियांना पुरोहितपद देण्याचा अधिकार चर्चला नाही. त्याच वर्षी इंग्लंडच्या चर्चमध्ये पहिल्या स्त्रिया पुरोहित झाल्या. बायबल एकच हो!

पंचवटीकर: तेच तर म्हणतोय, ग्रंथाचा दोष नाही.

गोदाकाठ: बरं, ग्रंथाचा नाही. घाटावर 'मुलगी चालत नाही' म्हणणारा ग्रंथ नव्हता, माणूसच होता. आणि द्वारकाताई, तुमच्या मामूंसारखेच माझे काका. तेराव्यालाच हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आले, गावच्या जमिनीचा. तिथे मी मुलगी असून चालते.

पंचवटीकर: हे चूकच आहे. सही केलीत?

गोदाकाठ: नाही. कागद फ्रिजवर पडलाय. सातबारा काढलाय, वकिलांना सोमवारी दाखवते.